स्वीकृतीनंतर परत घालणे

आमच्या लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात एक साहाय्यक होते. छापलेलं कुठलंही पान ते खालून वर वाचत. आधी तळटिपा, मग मजकूर. "वर काय, वाटेल ते लिहिता येतं," असं त्यांचं म्हणणं. "खाली आलं की पुरावा द्यावा लागतो." विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव तळटीपकाका ठेवलं होतं, आणि काही वर्षांनी मुख्य ग्रंथपालसुद्धा त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले. काकांना त्याचं काही वाटत नसे. निदान तसं ते दाखवत तरी नसत.

या काकांची एक ओळ छापायची राहिली, आणि ती माझ्यामुळे राहिली. हे आधीच सांगून मोकळी होते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करत सुटेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, काय कृतज्ञ बाई आहे.

माझी त्यांची पहिली गाठ पडली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात वाचायचा निबंध आधी काकांकडून तपासून आणायचा, असा आमच्या सरांचा दंडक होता. मी निबंध देऊन आले. दोन दिवसांनी काकांनी मला टेबलापाशी बोलावलं.

"हे पुस्तक तू वाचलंस?"

"हो."

"पान चारशे बारा?"

"हो काका."

"ते पुस्तक तीनशे ऐंशी पानांचं आहे," काका म्हणाले. "पुढची बत्तीस पानं तुझ्याकडे असतील तर आणून दे बाई. आमची प्रत अपुरी दिसतेय."

आजूबाजूची मुलं खिदळली. मी इतकी चिडले की आठवडाभर ग्रंथालयाकडे फिरकले नाही. मग गेले, कारण जाणार कुठे? पण त्यानंतर पुस्तक उघडल्याशिवाय त्याचं नाव मी कधी कुठे लिहिलं नाही. पुढे त्याच कॉलेजात मी शिकवायला लागले, आणि ज्या दिवशी रुजू झाले त्या दिवसापासून काका मला "मॅडम" आणि "तुम्ही" म्हणू लागले. मी पुष्कळ सांगून पाहिलं. "अहो, आता तुमच्या सहीने पुस्तकं बाहेर जातात, तुम्हाला अगं-तुगं कसं करू?" म्हणायचे.

त्यांची तपासायची रीत ठरलेली होती. तळटिपेतलं पुस्तक किंवा निवाड्याचा खंड प्रत्यक्ष हातात आला की पेन्सिलीने बरोबरची एक खूण. पान उघडून वाक्य शब्दाला शब्द जुळलं की दुसरी. एका खुणेवर त्यांनी कधी भागवून घेतलं नाही. पुस्तक आमच्याकडे नसलं तर दुसऱ्या ग्रंथालयाला पत्र टाकत आणि महिना महिना वाट बघत. तोवर प्राध्यापक मंडळी दातओठ खात बसत. जर्नलमध्ये छापलेली एखादी चूक सापडली तर संपादकांना कळवत, आणि जर्नलकडून शुद्धिपत्राची छापील चिठ्ठी आली की ती त्या त्या पानावर डिंकाने अशी चिकटवत की कड वर यायची नाही. छापील चिठ्ठी आल्याशिवाय मात्र ग्रंथालयाच्या प्रतीवर पेन्सिलीपलीकडे काही चढू देत नसत. आपल्याला वाटलं म्हणून चिकटवायचं नाही, हा त्यांचा नियम.

कॉलेजातून बाहेर जाणारा प्रत्येक लेख त्यांच्या हाताखालून जायचा. लेखाच्या पहिल्या तळटिपेत आभार मानायची पद्धत असते. तिथे लेखक मंडळी प्राचार्यांचे, सहकाऱ्यांचे, बायकोचे, मुलांचे आभार मानत. काकांचे मानायचं कुणाला सुचत नसे. डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याचे कोण आभार मानतं?

काका स्वतः याच कॉलेजात कायदा शिकायला आले होते. वडील लवकर गेलेले. थोरली बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिने त्यांना शिकवलं. दुसऱ्या वर्षाला असताना ताईंना मोठं आजारपण आलं, म्हणून काकांनी ग्रंथालयात तात्पुरती नोकरी धरली. ताई बऱ्या होऊन कामावर गेल्या, काका मात्र वर्गात परत गेले नाहीत. ती तात्पुरती नोकरी एकतीस वर्षं चालली. दोघांनीही लग्न केलं नाही. कॉलेजमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या, तिथे राहत. आपला भाऊ कायद्यात काहीतरी नाव काढणार, हे ताईंनी कधी डोक्यातून जाऊ दिलं नाही. काका घरी गेले की त्या विचारत, "आज काय छापून आलं?" काका कुणाचा लेख आला ते सांगत. मग ताई म्हणत, "आणि तुझं कधी?" हे काकांनीच मला एकदा हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

त्यांचंही काहीतरी आहे, हे मला फार उशिरा कळलं. ते बुटांच्या खोक्यात होतं.

मी तेव्हा घरभाड्याचा कायदा शिकवत होते. त्यात एक वाक्य आमच्याकडे सगळे पाठ म्हणतात. मुदत संपल्यावरही भाडेकरू राहिला आणि मालक गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजेच संमती, अशा अर्थाचं. एका जुन्या निवाड्यातलं न्यायमूर्तींचं वाक्य म्हणून ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. मी त्या निवाड्याचा खंड मागायला गेले तर काका म्हणाले, "मॅडम, ते वाक्य शिकवणार असाल तर जरा बसा."

त्यांनी खंड उघडून माझ्यापुढे ठेवला. ते वाक्य न्यायमूर्तींचं नव्हतंच. हरलेल्या वकिलाचा तो युक्तिवाद होता. न्यायमूर्तींनी तो आधी मांडला होता आणि पान उलटल्यावर खोडून काढला होता. कुणीतरी पहिल्यांदा पान न उलटता वाक्य उचललं, दुसऱ्याने पहिल्याचं बघून उतरवलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. काकांच्या खोक्यात त्रेचाळीस कार्डं होती. त्रेचाळीस पुस्तकं, वर्षवार लावलेली. कुणी कुणाचं उचललं हेसुद्धा त्यांनी शोधलं होतं. एकाने पानाचा आकडा चुकवला होता, आणि त्याच्यावरून उतरवणाऱ्या सगळ्यांनी तोच चुकीचा आकडा इमानेइतबारे पुढे नेला होता.

"काका, हे किती वर्षं पडून आहे तुमच्याकडे?"

"अठरा. पण पडून कुठे, वाढतंय की. वर्षा-दोन वर्षांनी एखादं कार्ड वाढतं."

मी तिथल्या तिथे म्हटलं, आपण लेख लिहू, दोघांच्या नावाने देशातल्या सगळ्यात मोठ्या लॉ जर्नलला पाठवू. काकांनी मान हलवली. "माझ्या नावापुढे काय लिहिणार? दुसरं वर्ष, अर्धवट? संपादक पहिल्याच पानावर हसतील. लिहा तुम्ही. मला एक तळटीप द्या, पुरे."

"मग त्यात तुमचं पूर्ण नाव घालते."

"नावाचं काय घेऊन बसलात? ग्रंथालय साहाय्यक एवढं लिहा. या कॉलेजात ती खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मीच बसून आहे. ज्याला कळायचं त्याला कळेल. ताईला तर कळेलच."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आग्रह केला, त्यांनी पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा केला असता तर कदाचित ऐकलं असतं. पण सहयोगी प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात येऊ घातली होती, आणि एकट्याच्या नावावरचा लेख निवड समितीपुढे जास्त वजनदार ठरतो हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या नकाराने मला हायसं वाटलं. तेव्हा हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

लेख लिहायला पाच महिने लागले. मी वरचं लिहायची, काका खालचं बघायचे. तळटिपा भरल्या एकशे एकवीस. त्यातली पहिली, आभाराची, मी सगळ्यात शेवटी लिहिली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "या लेखातला मूळ शोध आमच्या ग्रंथालय साहाय्यकांचा आहे. मी तो केवळ लिहून काढला. उरलेल्या चुका माझ्या."

काकांनी ती चारदा तरी वाचली. मग पेन्सिल उचलली. मला वाटलं आता स्वतःचाच उल्लेख उडवतात की काय. त्यांनी एक शब्द खोडला. "'केवळ' नको," म्हणाले. "लिहून काढणं काही सोपं नसतं." मग कार्ड टाइप करायच्या जुन्या टंकयंत्रावर त्यांनी ती टीप एका कोऱ्या कार्डावर उतरवून घेतली, खिशात घातली, आणि ओशाळल्यासारखं हसून म्हणाले, "ताईला वाचून दाखवतो."

मग पाठवायची तयारी. या कामाने भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. जर्नलचे नियम एकोणीस. तळटिपा धरून शब्द आठ हजार, आमचे झाले होते नऊ हजार चारशे. मी चौदाशे शब्द कापत होते आणि काका ओळीओळीला हळहळत होते. पुस्तकाच्या नावाआधी लेखक की नंतर, वर्ष कंसात की उघडं, याचे नियम. गोषवारा दोनशे शब्दांत. लेख दुसरीकडे कुठे पाठवलेला नाही, असं वेगळं पत्र. काका एकेका नियमावर बोट ठेवून मला विचारत आणि झाला की खूण करत. सहाव्या नियमावर ते थांबले.

"मॅडम, हा वाचलात?"

वाचला होता. लेखकाची ओळख पटेल असं काहीही हस्तलिखितात नसावं. लेख ज्या परीक्षकांकडे जातो त्यांना तो कुणाचा हे कळता कामा नये, म्हणून नाव वेगळ्या कागदावर द्यायचं आणि आभारही काढून टाकायचे.

"पहिली तळटीप काढावी लागणार," काका म्हणाले. "ग्रंथालय साहाय्यक म्हटलं की कुणीही ओळखेल कॉलेज कुठलं ते."

"काका, जिवावर येतं हो."

"अहो, कायमची थोडीच काढतोय?" त्यांनी पट्टी घेतली. आपल्याच ओळीवर पट्टी लावून सरळ रेघ मारली, आणि समासात बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं, "स्वीकृतीनंतर परत घालणे." मग बाकीच्या एकशे वीस तळटिपांचे आकडे एकेकाने खाली आणत बसले. तो कागद मी माझ्या खणात ठेवला. तो तिथे अजून आहे.

सात महिन्यांनी परीक्षकांचे अभिप्राय आले. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं होतं की, तळटिपांमागचे कष्ट असामान्य आहेत. मी धावत जाऊन काकांना ते वाचून दाखवलं. ते लाल झाले, आणि "वर्तमानपत्रं लावायची राहिलीत" असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. किरकोळ दुरुस्त्या करून मी लेख परत पाठवला, तो स्वीकारला गेला. काकांनी मला बजावलं, "प्रूफ आलं की आधी मला दाखवा. निदान तळटिपा तरी."

प्रूफ एका गुरुवारी आलं. दोन दिवसांत परत हवं होतं. काका नेमके तीन दिवस रजेवर होते, ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. हॉस्पिटल कॉलेजपासून चालत वीस मिनिटांवर. जाता आलं असतं. मी मनाशी म्हटलं, अशा वेळी माणसाला कशाला त्रास द्यायचा. माणुसकीचं कारण सापडलं की आळस किती सोज्वळ दिसतो, ते मी त्या दिवशी शिकले. प्रूफ मी माझ्या टेबलावर वाचलं. माझं नाव बघितलं, हुद्दा बघितला, शीर्षक बघितलं, आणि वरून खाली वाचत गेले. सोबत एक तक्ता भरायचा होता. पहिला रकाना अर्थसाहाय्याचा होता. मी लिहिलं, "लागू नाही." दुसरा हितसंबंधांचा. त्यात तेच उतरवलं. तिसरा आभाराचा होता. त्यातही, वरचं बघून, तेच उतरवलं.

त्रेचाळीस लेखकांना मी आठ हजार शब्द खर्चून नावं ठेवली होती. चव्वेचाळिसावी मी.

अंक आला तो अर्थातच ग्रंथालयात, काकांच्या हातात. कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक नियतकालिकाचं पाकीट तेच फोडत आणि शिक्का मारत. मी निरोप मिळाल्याबरोबर गेले. अंक माझ्या लेखाच्या पानावर उघडा होता आणि काका शिक्क्याची शाई पुसत होते.

"छान छापलंय, मॅडम," ते म्हणाले. "कागदही बरा आहे."

मी पानं उलटत होते, माझी छाती नुसती फुगली होती. ते म्हणाले, "तीन चुका आहेत छपाईच्या. लिहून ठेवल्यात." आणि एक कागद दिला. पान, ओळ, काय आहे, काय हवं. पहिली चूक, दुसरी, तिसरी. खाली अर्धा कागद कोरा. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि ताईंचे डोळे कसे आहेत ते विचारलं. "एकाला नुसता उजेड कळतो," ते म्हणाले. "दुसऱ्याचं बघू." मग त्यांनी लेखाच्या पानांच्या छायाप्रती काढायची परवानगी मागितली. मी म्हटलं, छायाप्रती कशाला, लेखिका म्हणून माझे दोन अंक याच पाकिटात आलेत, एक तुम्ही घ्या. मोठ्या मनाने दिला.

संध्याकाळी चहाच्या वेळी नवऱ्याने अंक हातात घेतला. तो कायद्यातला नाही, त्यामुळे वाचण्यासारखं त्याला त्यात काही नव्हतं. दोन पानं चाळून त्याने विचारलं, "तुझे ते काका कुठे आहेत यात?"

मी अंक त्याच्या हातातून ओढून घेतला. तळटीप क्रमांक एक म्हणून तिथे एका खंडाचा आकडा होता.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीला माफी असते, निदान ती मागता तरी येते. पुढचं मी पूर्ण शुद्धीवर केलं. संपादकांना दोन ओळींचं पत्र टाकलं असतं तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं असतं. पत्र मी लिहिलंही. पण बारा दिवसांवर मुलाखत होती. मी आमच्या विभागप्रमुख सरांना विचारायला गेले, म्हणजे खरं तर कुणीतरी अडवावं म्हणून गेले. सर म्हणाले, "मूळ शोध तुझा नाही असं आत्ता छापून आणणार? समिती काय म्हणेल? आधी मुलाखत होऊन जाऊ दे." मी होऊन जाऊ दिली. समितीने लेखाचं तोंडभरून कौतुक केलं. एका सदस्यांनी विचारलं, "एवढी जुनी पुस्तकं तुम्ही शोधलीत तरी कशी?" मी म्हटलं, "ग्रंथालयाचं सहकार्य लाभलं." ग्रंथालयाचं. इमारतीचं.

जागा मला मिळाली. मग लगेच पत्र टाकलं तर कसं दिसेल, म्हणून पुढच्या अंकानंतर. मग परीक्षा आल्या. मग कळलं की दोन अंक उलटून गेले की जर्नल शुद्धिपत्र घेत नाही. हे कळलं त्या दिवशीही मला, काय सांगू, थोडं हायसंच वाटलं.

काका कधी एका अक्षराने बोलले नाहीत. मी सकाळी गेले की "या मॅडम", निघाले की "बरं मॅडम." लेख तपासायला नेला की पूर्वीसारख्याच दोन-दोन खुणा. ते रागावले असते, टोमणा मारला असता, चारशे बारा पानांसारखं चारचौघांत काहीतरी बोलले असते, तर मी रडून, माफी मागून सुटले असते. ते गप्प राहिले, आणि मी त्या गप्प राहण्याचा सोयीचा अर्थ लावला की त्यांना विशेष काही वाटलं नसावं. गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे सिद्ध करणारा लेख माझ्याच नावावर आहे.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मी भाषण केलं. सगळ्यात लांबलं ते माझंच. काकांनी पहिल्या रांगेत बसून मान खाली घालून ऐकलं. ती एक गोष्ट सांगायची म्हणून मी घरून ठरवून आले होते, आणि माइकपुढे मूग गिळून बसले. समोर प्राचार्य होते, समितीतले ते सदस्यही होते. टाळ्या पडल्या. काकांनी हात जोडून सगळ्यांचे आभार मानले, एकेकाचं नाव घेऊन, शिपायांपासून सुरुवात करून. माझंही घेतलं.

त्यानंतर दीड वर्षाने ते गेले. झोपेत गेले, कुणालाही त्रास न देता. बातमी कळली त्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन तो अंक काढला. तिन्ही चुका पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या होत्या. पहिल्या तळटिपेपाशी मात्र पेन्सिलीचं काही नव्हतं, रेघसुद्धा नाही. छापील चिठ्ठी आल्याशिवाय त्यांनी तिथे काही चिकटवलं नसतंच.

आठवड्याने मी ताईंना भेटायला गेले. त्या दोन खोल्यांत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. दुसऱ्या डोळ्यानेही आता नुसता उजेड आणि माणसाची आकृती एवढंच कळत होतं. मी कोण ते सांगितलं.

"अगं, तूच होय ती!" त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. "ये, बैस. त्याच्या तोंडी सारखं तुझं नाव असायचं. तुझ्यामुळे छापून आलं गं त्याचं. नाहीतर ते खोकं घेऊनच गेला असता."

मी काहीतरी बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण ताई उठल्या, कपाटापर्यंत हाताने अदमास घेत गेल्या आणि अंक घेऊन आल्या. जाड कागदाचं कव्हर घातलेला. पान शोधायला त्यांना डोळे लागले नाहीत, अंक आपणहून तिथेच उघडला. त्यांनी पानाच्या तळाशी बोट फिरवलं आणि थांबवलं.

"ही बघ. बाकीचं सगळं पान गुळगुळीत आहे. आपलीच ओळ हाताला लागते. महत्त्वाची म्हणून उठवून छापली असेल, नाही?"

पानाच्या तळाशी, पहिल्या तळटिपेच्या वर, एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. कार्डाची, टंकयंत्रावर टाइप केलेली, समासाला समास जुळवून, डिंकाने. कड कुठे वर आलेली नव्हती. ही प्रत ग्रंथालयाची नव्हती. हिच्यावर त्यांचाच अधिकार होता. स्वीकृतीनंतर परत घालायची टीप त्यांनी स्वतःच परत घातली होती, जगातल्या एका प्रतीत, एका वाचकासाठी.

"हो ताई," मी म्हटलं. "उठवून छापलीय."

"वाच ना एकदा. तो रोज वाचायचा. आता कोण वाचणार?"

मी वाचलं. "या लेखातला मूळ शोध आमच्या ग्रंथालय साहाय्यकांचा आहे. मी तो लिहून काढला." ताईंचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी थांबले तसे तेही थांबले.

"एवढंच वाचायचा तो," त्या म्हणाल्या. "पुढे अजून एक वाक्य आहे म्हणायचा, पण ते मॅडमचं आहे, त्या आल्या तर त्याच वाचतील. काय आहे गं ते?"

मी पट्टीच्या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं.

"उरलेल्या चुका माझ्या," मी वाचलं.

ताईंनी माझा हात थोपटला. "असू दे गं," त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या लेखात एखादी राहायचीच."